सुईएवढं भोक

"मग भोक माझ्याच पाइपाला का?"

अंबादासनं हे खड्ड्यात उभं राहून विचारलं. खड्डा त्याच्या छातीला लागत होता. वर काठावर लतीफ उस्ताद पाय खाली सोडून बसले होते.

ते वर बघत होते.

वर तारा होत्या.

खडकीच्या माळावरून मोठ्या विजेच्या तारा जातात. लोखंडी मनोरे, एकामागे एक, पार डोंगरापर्यंत. त्यांच्या अंगाअंगानं जमिनीच्या पोटातून दोन पाइप गेलेत. एक तेलाचा, एक पाण्याचा. तेलाचा नवा, पाण्याचा जुना. दोघांच्या मधून बैलगाडी जाईल एवढी जागा.

तेलाचा पाइप अंबादास ढगे सांभाळायचा. पाण्याचा निवृत्ती कोकरे. दोघंही लतीफ उस्तादांच्या हाताखाली शिकले. मालक वेगळे झाले, पण काम एकच. पाइपाला गंज चढू द्यायचा नाही.

पाइपावर कोट असतो. शिवाय मशीन लावून पाइपाला थोडी वीज दिलेली असते. ओल्या मातीत लोखंड खाल्लं जातं, आणि ती वीज ते होऊ देत नाही. मला एवढंच कळतं. मी आपला तेलाच्या पाइपावरून पायी चालणारा माणूस. कुणी वर खणत नाही ना, बघायचं आणि पुढं जायचं.

"बघा ना उस्ताद," अंबादास म्हणाला. "कोट बघा. आरसा आहे आरसा."

खरंच होता. पिवळा, गुळगुळीत. खड्डा खणताना अंबादासनं शेवटची माती हातानं काढली होती, कुदळीचा ओरखडा उठू नये म्हणून. पुसायला घरून धुतलेलं फडकं आणलं होतं.

त्या सगळ्या पिवळ्या अंगावर एकच ठिपका होता. सुईच्या टोकाएवढा. ठिपक्यावर मातीची गाठ धरली होती, मेथीच्या लाडवासारखी घट्ट. अंबादासनं ती सकाळी ठोकून काढली. खाली लोखंडात वाटी झाली होती. अर्धी जाडी गेलेली.

पाइपाच्या आतून एक यंत्र फिरवतात, त्यात हे दिसलं. नाहीतर माळावरून चालणाऱ्याला काय कळणार! आणखी एखादं वर्ष गेलं असतं, तर तेल शेतात आलं असतं.

"चारला मिराशीसाहेब येतायत," अंबादास म्हणाला. "विचारतील, कशानं झालं."

"मग सांग."

"सांगणार आहे. निवृत्तीच्या मशीननं झालं."

उस्तादांनी खाली बघितलं.

"त्याच्या मशीनची वीज मातीतून माझ्या पाइपात शिरते. इथून बाहेर पडते. बाहेर पडते तिथं खाते. तुम्हीच शिकवलंय."

"शिकवलंय."

"तुम्ही फक्त हो म्हणा. तुमचा शब्द साहेब खाली पडू देत नाहीत."

"आणि निवृत्ती?"

अंबादासनं फडक्यानं पुन्हा तोच ठिपका पुसला. "ते पाणीवाले बघतील."

पाणीवाले काय बघणार, ते आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं. निवृत्ती ठेक्यावरचा माणूस. तेलाच्या कंपनीची तक्रार गेली, की दुसऱ्या सकाळी तो घरी.

टिटवी ओरडत होती. मनोऱ्याच्या पायाशी तिची अंडी होती, आणि आम्ही आल्यापासून तिला चैन नव्हतं.

"काल त्याच्याकडं जेवायला होतात म्हणे," अंबादास म्हणाला.

"होतो."

"काय केलं होतं?"

"शेंगोळे."

"...आमच्याकडंही शेंगोळे चांगले होतात."

"असतील बेटा. तू कधी बोलावलं नाहीस."

"घराचा रंग व्हायचाय अजून. नीट झालं की बोलावणारच होतो."

"रंगाला किती दिवस झाले?"

अंबादासनं बाही सारखी केली. त्याची इस्त्री अशी असायची की खड्ड्यात उतरूनही बाहीची घडी मोडायची नाही. कुणाला वाकडं बोलणार नाही. उस्ताद दिसले की आधी पाया पडणार. त्याच्या तोंडून कुणाबद्दल वाईट शब्द मी कधी ऐकला नव्हता.

"वर ये," उस्ताद म्हणाले. "त्याचा खड्डा बघू."

निवृत्तीचा पाइपही तिथंच उघडा केला होता, शेजारी. अंबादासनंच सकाळी परवानगी काढून खणून घेतला होता. साहेबांना दोन्ही दाखवायचे होते.

काय तो पाइप! कोट म्हणजे जुनी वाकळ. इथं फाटलेला, तिथं सुटलेला, कुठं नुसत्या चिंध्या. आणि चिंध्यांच्या आत लोखंड... काळंसावळं, थोडं खरबरीत. पण धड. वाटी नाही, खळगा नाही.

अंबादास त्याच्याकडे असा बघत होता, जसा एखादा शेजारच्या पोराचा निकाल बघतो.

"हे काय न्यायाचं आहे?" तो म्हणाला. "मी माझ्या पाइपाला लेकरासारखं जपतो. तो मशीनपाशी झोपा काढतो, डबा खातो, येईल त्याच्याशी गप्पा हाणतो. आणि त्याचा असा. माझा तसा."

"निवृत्तीला फोन लाव," उस्ताद म्हणाले. "म्हणावं, मशीन बंद कर."

"त्याला कारण काय सांगू?"

"विचारलं तर बघ."

अंबादासनं फोन लावला. निवृत्तीचं मशीनघर टेकाडाच्या पलीकडं. इथून दिसत नाही. फोनवर त्याचा आवाज आम्हाला दोघांनाही ऐकू आला, कारण तो बोलायचा तेच मुळी ओरडून.

"बोला दादा! उस्ताद आलेत ना? काल लई हसवलं त्यांनी. आमची मंडळी म्हणाली, असा पाहुणा रोज यावा."

"मशीन बंद कर."

"केलं. ...हां, केलं. दादा, नवी गाडी घेतली म्हणं तुम्ही? सकाळी रस्त्यानं जाताना बघितली. खरं सांगू? पोटात असं झालं ना माझ्या! म्हटलं, आपण दोघं एकाच दिवशी शिकायला लागलो आणि ह्याच्या बुडाखाली बघा काय आणि माझ्या बुडाखाली बघा काय. तिथंच थुंकलो रस्त्यात. मग चहा प्यालो, मग गेलं."

अंबादासनं फोन कानापासून लांब धरला. "बंदच ठेव. सांगतो नंतर."

"ठेवतो की. काय झालंय?"

"सांगतो नंतर म्हटलं ना."

"बरं दादा."

उस्ताद म्हणाले, "कांडी काढ."

कांडी म्हणजे तांब्याची. नळीत मोरचुदाच्या निळ्या पाण्यात ती उभी असते, नळीच्या बुडाशी पाझरणारं बूच. ती पाइपावरच्या जमिनीवर टेकवायची, एक तार तिला, एक तार पाइपाला, मध्ये मीटर. पाइप बरा आहे का नाही, ते मीटर सांगतं. वैद्य नाडी बघतो तसं.

अंबादासची कांडी कंपनीनं दिलेली. चकचकीत, स्पंजाच्या डब्यात ठेवलेली. त्यानं ती डब्यातून काढली, फुंकर मारली आणि जमिनीवर टेकवली.

मीटरचा आकडा नुसता पळत सुटला. वर, खाली, वर.

"कोरडी आहे माती," उस्ताद म्हणाले. "कोरड्या मातीला काय विचारतोस?"

हे पहिल्या दिवशी शिकवतात. अंबादास कधी चुकायचा नाही. तो लाल झाला.

उस्तादांनी माझ्याकडं हात केला. मी पाण्याची छागळ दिली. माझी छागळ कॅनव्हासची, दाराच्या पडद्याएवढी जुनी. उस्तादांनी मातीवर पाणी ओतलं. माती काळी झाली, तिचा वास आला. मग कांडी टेकवली तसा आकडा हळूहळू जागेवर बसला.

अंबादास वाकून बघत राहिला.

निवृत्तीचं मशीन बंद होतं. सकाळी ते चालू असताना होता, तोच आकडा.

"हलला?" उस्तादांनी विचारलं.

"...नाही."

"त्याची वीज तुझ्या पाइपात शिरत असती, तर बंद केल्यावर हलला असता."

"हो."

"आता मीटरचं बटण फिरव. वरच्या तारेची जात बघ."

घरात असते ती हेलकाव्याची वीज वेगळी मोजतात. अंबादासनं बटण फिरवलं. जो आकडा आला तो बघून मी माझी काठी लांब ठेवली. एवढी वीज त्या मुक्या पाइपावर चढली होती.

"तार तर पाइपाला शिवलेली नाही," मी म्हणालो. मला राहवलं नाही.

"नाही शिवत, तात्या."

"मग?"

"शेजारून चालते. आडवी ओलांडून गेली असती तर काही नव्हतं. पण ही कोस न् कोस बरोबरीनं चालते. तिची वीज तिच्या गावाला चाललेली. ह्या पाइपाशी तिला काही देणंघेणं नाही..." उस्तादांनी वर बघितलं. "तरी ह्याच्यात चढते."

अंबादास हातातल्या मीटरकडं बघत होता.

"पण तार दोघांच्याही शेजारून जाते," तो शेवटी म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "त्याच्याही पाइपाला चढतच असणार. मग माझ्याच पाइपाला भोक का? मी परत विचारतो उस्ताद. माझ्याच का?"

उस्तादांनी आजूबाजूला बघितलं. बाभळ होती. तिचा एक काटा मोडून घेतला.

"तुझी बाटली दे."

अंबादासची बाटली म्हणजे सीलबंद पाण्याची. तो दुसरं पाणी पीत नसे. एवढ्या उन्हात मी छागळ पुढं केली, तरी म्हणायचा, नको तात्या, गळते ती. पँट भिजते.

उस्तादांनी बाटलीचं झाकण घट्ट केलं आणि पोटात काटा खुपसला.

"अहो उस्ताद! नवी आहे ती..."

उस्तादांनी बाटली दोन्ही हातांनी दाबली. पाण्याची एकच बारीक धार सुटली. सुईसारखी. जिथं पडली तिथं मातीत बोटभर खळगा पडला. उस्ताद दाबत राहिले. खळगा खोल होत गेला.

मग त्यांनी ती बाटली खाली ठेवली. छागळ घेतली. तीही तशीच दोन्ही हातांनी दाबली, तेवढ्याच जोरानं.

छागळ सगळ्या अंगानं पाझरली. उस्तादांचे हात भिजले, कोपरं भिजली, धोतर भिजलं. खाली माती ओली झाली.

खळगा काही पडला नाही.

उस्तादांनी छागळ माझ्याकडं दिली. "पाणी गार आहे तुझं, तात्या."

"पाझरते म्हणून गार राहतं," मी म्हणालो. ते तर सगळ्यांनाच ठाऊक असतं.

अंबादास बाटलीकडं बघत होता. तिच्यातून अजून धार येत होती, बारीक.

तारांचा आवाज येत होता. त्या माळावर तो कायमच येतो, लांब कुठंतरी भुंगे अडकल्यासारखा.

"मग काय कोट फाडू?" अंबादास म्हणाला. त्याला राग आला होता. "नीट ठेवलं हीच चूक का?"

"कोट कशाला फाडतोस? चांगला आहे कोट."

"मग?"

"तूच सांग. शिकला आहेस."

अंबादासनं ओठ घट्ट केले. मग पाठ म्हणून दाखवल्यासारखं बोलला. "जस्ताची पट्टी पुरायची. पाइपाच्या बाजूनं, लांबवर. खांबावरच्या पेटीत तार जोडायची पाइपाला. मग जे चढेल ते पट्टीतून मातीत उतरतं. भोकातून जात नाही."

"पुरली नव्हती का?"

अंबादासनं मीटरच्या तारा गुंडाळायला घेतल्या.

"पाइप घालताना मी इथं होतो," उस्ताद म्हणाले. "ह्याच मनोऱ्यापासून पुढच्या ओढ्यापर्यंत. पट्टी माझ्या डोळ्यांसमोर पुरली."

"पुरलेली आहे."

"मग?"

अंबादासनं खांबाकडं बघितलं. खड्ड्याच्या शेजारी पाइपाचा पांढरा खांब होता, छातीएवढा. त्याला पेटी, पेटीला कुलूप. किल्ली अंबादासच्या कमरेला. दुसऱ्या कुणाकडंच नाही.

"उघड," उस्ताद म्हणाले.

"उस्ताद..."

"हातमोजे घाल आधी."

त्यानं हातमोजे घातले. कुलूप उघडलं. आत दोन बोल्ट होते, एक पाइपाचा, एक जस्ताच्या पट्टीचा, आणि दोन्हींना जोडणारी तांब्याची चपटी पट्टी. ती एका बोल्टवर होती. दुसरीकडून सुटून खाली लोंबत होती. कोळ्यानं तिच्यावर जाळं केलं होतं, आणि जाळंही जुनं झालं होतं.

नट पेटीच्या बुडाशी पडला होता. आपोआप निघेल असा नट तो नव्हता.

उस्तादांनी काही विचारलं नाही.

हे त्यांचं मला सगळ्यात अवघड वाटायचं. विचारलं तर माणूस खोटं तरी बोलू शकतो.

"पट्टी जोडली की माझा आकडा पडतो," अंबादास म्हणाला. तो पेटीशी बोलत होता. "पट्टी पाइपाची थोडी वीज ओढते. आकडा खाली येतो. त्या दिवशी तुम्ही दोघांचे आकडे घेतलेत. इथं, ह्याच जागी. निवृत्तीचा माझ्यापेक्षा चांगला आला. त्याचं मशीन जवळ आहे म्हणून आला! तुम्हाला ठाऊक होतं ते. तरी तुम्ही... त्याच्या पाठीवर थाप मारलीत आणि कांडी त्याला दिलीत."

उस्तादांची कांडी. मी ती बघितलेली होती. घासून घासून पेन्सिलीएवढी बारीक झालेली, काचेच्या नळीला चिकटपट्टीचे तीन वेढे. त्या कांडीनं उस्तादांनी अर्ध्या राज्याचे पाइप तपासले असतील.

"मी काही बोललो नाही," अंबादास म्हणाला. "मी पेढे आणले. आठवतं? मी पहिला पेढा त्याला भरवला. तो रडला, त्याचं नाक गळत होतं, मी माझा रुमाल दिला. आणि दुसऱ्या दिवशी इथं आलो आणि नट काढला. म्हटलं, एकदा माझा आकडा बघू दे किती येतो. आला. त्याच्यापेक्षा चांगला आला. म्हटलं, राहू दे दोन दिवस. तुम्ही कधी आलात तर दिसेल तुम्हाला. तुम्ही आलात की इकडं! त्याच्याकडं येता, जेवता, हसता. मी टेकाडावरून बघतो. तुमचं हसणं ऐकू येतं इथवर. मी दहा वर्षं तुमची पेटी उचलली. तो यायचा उशिरा, घामेजलेला, काहीतरी खात. तुम्ही त्याला शिव्या द्यायचात. मला एक शिवी दिली नाहीत कधी. एक नाही! मला वाटायचं, माझ्यात चूकच नाही म्हणून. ...मग कांडी त्याला का दिलीत? का, उस्ताद? त्याला का?"

तो थांबला. बाहीची घडी मोडली होती. नाकातून पाणी येत होतं आणि त्याच्याकडं फडकं होतं, पण ते पाइप पुसायचं म्हणून त्यानं नाकाला लावलं नाही.

उस्ताद त्याच्याकडं बघत राहिले.

"त्याच्याकडं नव्हती," ते म्हणाले.

"...काय?"

"कांडी. ठेकेदार देत नाही. तुझ्याकडं कंपनीची होती."

अंबादासनं त्यांच्याकडं बघितलं. मग डब्याकडं. डब्यात स्पंज, स्पंजात कांडीच्या आकाराची खाच.

"एवढंच?"

"एवढंच."

"तेव्हाच विचारायचं होतं मी..." तो म्हणाला. मनोऱ्याच्या पायाशी टिटवी आता बसली होती.

मग त्यानं नट उचलला. हातमोज्यानं जाळं काढलं. तांब्याची पट्टी बोल्टवर बसवली, नट फिरवला, पाना लावून आवळला. त्याचं काम बघण्यासारखंच असायचं.

मीटर लावलं. तारेच्या जातीचा आकडा धाडकन खाली आला. मग बटण फिरवून दुसरा आकडा बघितला.

"पडला माझा," तो म्हणाला.

"पडला."

"त्याच्यापेक्षा खाली आहे."

"आहे."

त्यानं पेटी बंद केली. कुलूप हातात धरून थोडा वेळ उभा राहिला. मग लावलं.

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. मिराशीसाहेब घाईचा माणूस. दार उघडं टाकूनच आले. आधी खड्ड्यात डोकावले, मग दुसऱ्या खड्ड्यात, मग उस्तादांना हात जोडले.

"काय उस्ताद, काय निदान? ढगे म्हणत होता, पाणीवाल्यांच्या मशीनचा प्रताप आहे."

उस्ताद छागळीच्या ओल्या मातीकडं बघत होते.

साहेब अंबादासकडं वळले. "काय रे? लिहून देऊ त्यांना? आजच देतो."

मी अंबादासकडं बघितलं नाही. बघवलं नाही. उस्तादांनी फक्त मान हलवायची बाकी होती आणि ती हललेली नव्हती, एवढं खरं. पण साहेबांना काय ठाऊक? त्यांनी अंबादासचा शब्द घेतला असता. अंबादास कधी खोटं बोललेला नव्हता.

"नाही साहेब," अंबादास म्हणाला. "वरच्या तारेचं आहे."

"तारेचं? मग जस्ताची पट्टी काय करत होती?"

"पट्टीचा नट काढलेला होता. मी काढला होता."

"कशासाठी?"

अंबादासनं कमरेची किल्ली मुठीत धरली.

"आकडा चांगला दिसावा म्हणून."

साहेब त्याच्याकडं बघतच राहिले. त्यांच्या सगळ्या माणसांत हा एकच असा होता, की ज्याचं काम ते तपासायचे नाहीत. कपाळावरचा घाम पुसला त्यांनी. "उद्या ऑफिसला ये," म्हणाले. "दहा वाजता. किल्ल्या घेऊन ये." बाकी काही म्हणाले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

गाडी गेली. धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

अंबादास खड्ड्याच्या काठावर बसला, उस्तादांच्या शेजारी. इस्त्रीच्या पँटीनं, मातीत.

मग फोन वाजला.

"दादा, करू का चालू?" निवृत्ती. "लई वेळ झाला. माझा पाइप बोंबलत असंल. आणि पाणी बी संपलंय हितलं. मशीन सोडून जावं तर तुम्ही म्हणला बंदच ठेव, म्हणून बसून राहिलो."

मशीन बंद होतं, म्हणजे तेवढा वेळ निवृत्तीचा पाइप विजेशिवाय उघडाच होता मातीत. हे अंबादासच्या आता ध्यानात आलं. माझ्या तर आलंच नव्हतं.

"कर," अंबादास म्हणाला. "चालू कर."

"केलं! काय झालं होतं दादा? सांगणार होता तुम्ही."

अंबादासनं टेकाडाकडं बघितलं. फोन तसाच कानाला. तिकडून निवृत्ती हॅलो हॅलो करत होता.

"...येतो मी तिकडं," अंबादास म्हणाला. "आल्यावर सांगतो. सगळं सांगतो."

त्यानं फोन खिशात ठेवला. उठला. उस्तादांच्या पाया पडायला वाकला, तर उस्तादांनी पाय मागं घेतले.

"पाणी संपलंय म्हणतो ना तो," ते म्हणाले.

अंबादासनं बाटली उचलली. रिकामी होती.

मी छागळ काढली. उस्तादांनी ती माझ्या हातून घेतली आणि अंबादासच्या खांद्याला अडकवली. ओली छागळ. त्याच्या सदऱ्यावर लगेच काळा डाग पडला, आणि डाग पसरत खाली निघाला.

अंबादासनं ती अंगापासून लांब धरायला हात घातला.

उस्तादांनी त्याचा हात बाजूला केला.

"लांब आहे टेकाड. वाटेनं गळेल," ते म्हणाले. "गळू दे."